दादांची रात्रशाळा

खुलताबादला येणारा माणूस बहुधा कबरी पाहायला येतो. औरंगजेबाची, पहिल्या आसफजाहची, गावाबाहेर मलिक अंबरची. उर्सात जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यावर गर्दी, शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी. शाळेतून घरी जाताना एखादी तरी गाडी माझ्याजवळ थांबते आणि आतून कोणी रस्ता विचारतं. मी इथं उर्दू आणि मराठी शिकवतो. गावातल्या या इमारतींबद्दल विचारलं तर तासभर बोलू शकेन. पण आज ज्या इमारतीबद्दल लिहायचं आहे ती इथली नाही. ती साडेतीनशे किलोमीटरवर, मुंबईत परळला होती. ती कुठल्या बादशहाने बांधली नाही. आणि तिच्या आसऱ्याने माझ्या घरात मराठी आली.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, खुलताबादच्या मदरशात आणि मग निजामाच्या सरकारी शाळेत उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर सुरेख. घरची शेती नव्हती, म्हणून १९४१-४२ च्या सुमारास ते ओळखीच्या एका विणकराबरोबर मुंबईला गेले. मदनपुऱ्यात दहा-बारा जणांच्या खोलीत राहायला जागा मिळाली आणि परळकडच्या एका गिरणीत साचाखात्यात बदलीचं काम. सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर साचा मिळायचा, नसेल तर परत.

पहिल्या पगाराला दादांनी रुबाबात उर्दूत सही केली. कारकुनाने कागद फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हे काय काढलंय? आम्हाला वाचता येत नाही. अंगठा दे." दादांनी अंगठा दिला. पुढच्या महिन्यात पगारातून दंड कापला गेला. कापड खराब निघाल्याचा. नोटीस भिंतीवर लावलेली होती, पण मराठीत. दादा त्या नोटिशीखालून रोज जात होते.

हा किस्सा ते आम्हा नातवंडांना सांगायचे तेव्हा त्यांचा राग दंडावर नसायचा, अंगठ्यावर असायचा. म्हणायचे, "अंगूठा एक बार दिया तो वापस नै मिलता, बेटा."

त्याच आठवड्यात साच्यावरचा शेजारी, कोकणातला एक मराठा गडी, त्यांना परळच्या रात्रशाळेत घेऊन गेला. पाळी सुटली की तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि पाटी घेऊन बसायचं. चाळीस वर्षांचे बाप्ये 'क'ला काना 'का' करत बसलेले. दादा सांगायचे की सगळ्यात अवघड गेलं ते उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या हाताला उलटं वळवणं.

ही रात्रशाळा 'सोशल सर्व्हिस लीग'ची. परळमध्ये लीगचं नाव निघालं की दामोदर हॉलचं नाव निघणारच. दादांना शाळा आणि हॉल यांत फरक करता यायचा नाही. ते सगळ्यालाच 'दामोदर हॉल' म्हणायचे.

लीग १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सुरू केली. आम्हा शिक्षकांना हा माणूस माहीत असायला हवा, कारण तो आमच्यातला होता. रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, गोरेगावचा. पदवी घेतल्यावर काही वर्षं त्यांनी मास्तरकीच केली. मग १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि दोन वर्षांत मुंबईच्या मजुरांमध्ये काम सुरू केलं. सुरुवातीला नाव मोठं, काम साधं: रात्रीचे वर्ग, वाचनालयं, दवाखाना, कर्जातून सुटायला सहकारी पतपेढ्या. पुस्तकांच्या पेट्या भरून त्या चाळीचाळींतून फिरवायच्या. माणूस वाचनालयात येत नसेल तर वाचनालयाने माणसाकडे जायचं.

पण रात्रीच्या वर्गासाठी आधी रात्र उरायला हवी. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस जास्तीत जास्त बारा तासांचा ठरवला, म्हणजे त्याआधी तो त्याहून लांब असायचा. १९२२ मध्ये कायदा बदलला आणि दिवसाला अकरा तास, आठवड्याला साठ तास अशी मर्यादा आली. परळचा दामोदर हॉल उभा राहिला तोही १९२२ मध्येच. मला हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायला आवडतं. कामातून थोडा वेळ सुटला आणि त्या वेळात बसायला छप्पर मिळालं. शिकायला नुसती इच्छा असून भागत नाही. वेळ लागतो आणि जागा लागते.

हॉलचं पूर्ण नाव दामोदर ठाकरसी मुळजी हॉल. एसएनडीटी विद्यापीठाचं नाव आपण सगळे घेतो. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्यातले दामोदर ते हेच, नाथीबाईंचे पती. गिरणीमालकांचं घराणं. लीगला मालकांची मदत घ्यायचं वावडं नव्हतं. टाटांच्या गिरण्यांतल्या आणि सर करीमभाई इब्राहीम यांच्या गिरण्यांतल्या मजुरांसाठी परळला ज्या संस्था निघाल्या, त्याही लीगच चालवत असे. करीमभाई हे कच्छी खोजा, मुंबईतल्या मोठ्या गिरणीमालकांपैकी एक. मुसलमान मालकाचा पैसा, हिंदू मास्तरची संस्था आणि शिकणारे सगळ्या जातीधर्मांचे, असा तो काळ होता. करीमभाईंचा गिरण्यांचा पसारा पुढे १९३३ च्या सुमारास मंदीत कोसळला. मालक येतात आणि जातात.

जोशींनी मालकांच्या देणग्या घेतल्या, पण तोंड बंद ठेवलं नाही. १९२० मध्ये देशातली पहिली मोठी कामगार संघटना 'आयटक' स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे बरीच वर्षं तिचे सरचिटणीस. भिंतीवर नाव मालकाच्या घराण्याचं आणि किल्ली लीगच्या हाती, असा तो हिशोब.

त्या किल्लीने आणखी एक दार उघडलं. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर बैठक बोलावली ती दामोदर हॉलमध्ये. तिच्यातूनच त्या वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेबांची कचेरीही याच हॉलमध्ये होती. गावोगावच्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवू देत नव्हते त्यांची कचेरी गिरणगावातल्या मजुरांच्या हॉलमध्ये. आणि त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आमच्या जिल्ह्यात कॉलेज काढलं, ते नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. आमच्या खुलताबादच्या पोरांनीही तिथून डिग्र्या घेतल्या. म्हणून मी म्हणतो, परळ आम्हाला वाटतं तितकं लांब नाही.

हॉलमध्ये नुसती शाळा नव्हती. कामगारांचं सहकारी मनोरंजन मंडळ होतं, नाटकं व्हायची, कोकणातल्या मंडळींचे नमन-खेळे व्हायचे. दादांनी आयुष्यातलं पहिलं मराठी नाटक तिथं पाहिलं. नाव त्यांना आठवायचं नाही. आठवायचं एवढंच की खलनायक सावकार होता आणि मागच्या रांगेतून कोणीतरी त्याला चप्पल दाखवली. गिरणगावातल्या एका सभेत त्यांनी शाहीर अमर शेखांना ऐकलं होतं. तो बार्शीचा मेहबूब हुसेन आहे हे कळल्यावर दादांची छाती फुगली होती. "अपनाच आदमी, और मराठी ऐसी की पूरा मैदान चूप."

पुढे १९४८ चं पोलीस ॲक्शन झालं आणि घरच्यांनी दादांना बोलावून घेतलं. ते गावी परतले तेव्हा वेगळाच प्रश्न उभा होता. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. आमच्या मोहल्ल्यात बऱ्यापैकी शिकलेली माणसं होती, अर्ज लिहिणारी, खातेवह्या ठेवणारी. राज्य गेलं, हळूहळू कागद बदलले, आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा तलाठ्यापासून तहसीलपर्यंत मराठी आली. त्यात चूक काही नाही. इथल्या बहुसंख्य लोकांची भाषा तीच, आणि निजामाच्या काळात त्यांनीही उर्दूच्या कचेरीत हेच सोसलं होतं. पण आमची शिकलेली माणसं शिकलेली असूनही अडाणी झाली. सातबारा समोर धरायचा आणि विचारायचं, भाऊ, यात माझं नाव आहे का?

त्या दिवसांत मोहल्ल्यात मराठी वाचणारा एकच माणूस होता, परळच्या रात्रशाळेत शिकलेला. मगरिबनंतर दादा ओट्यावर बसायचे आणि लोक कागद घेऊन यायचे. नोटीस, समन्स, वसुलीचा कागद. पैसे घेत नसत. फक्त एक अट असायची, स्वतःचं नाव मराठीत लिहायला शिकायचं. अब्बा त्या ओट्यावर मराठी शिकले, आणि अब्बांकडून मी. बीएडला 'उर्दू माध्यमाचा मुलगा मराठी मेथड घेतो' म्हणून वर्गातल्या मुलांना नवल वाटायचं. मला त्यात नवल वाटायचं नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून सातवीपर्यंत शिकलेला एक मुलगा, आता तिशीतला, वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर होता. बायको बाळंत होणार म्हणून त्याने रजा मागितली. त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला आणि सही करायला सांगितलं. त्याने केली. आठवड्याने परत गेला तर फाटकावर कळलं, तो राजीनामा होता. तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा रडत नव्हता. म्हणाला, "सर, मला अक्षरं येतात. पण एवढं लांब वाक्य वाचेपर्यंत मागचा माणूस ओरडतो." मला दादांची नोटीस आठवली. पाऊणशे वर्षं झाली आणि आम्ही तिथंच.

मोहल्ल्यातली एक जुनी सार्वजनिक इमारत आहे. लग्नाची भांडी, जनाजाचं सामान तिथं असतं, बैठका होतात. तिच्यातली बारा बाय पंधरा फुटांची एक खोली मी मागून घेतली आणि मगरिब ते इशा वर्ग सुरू केला. पुस्तक नाही. पगाराची चिठ्ठी, पीएफचा फॉर्म, विजेचं बिल, दवाखान्याचा केसपेपर, शाळेतून आलेली सूचना, यांच्यावरूनच वाचन. तो मुलगा पहिला विद्यार्थी. हातगाडीवाले, ड्रायव्हर, गवंडी आले. मग बायका आल्या, शिवणकाम करणाऱ्या, त्यांच्यासाठी दुपारी वेगळा तास. एका कपाटात पुस्तकंही जमली, उर्दू वरच्या फळीवर, मराठी खालच्या.

मग इमारत पाडायचं ठरलं. ती खरोखर मोडकळीला आलेली होती, त्यात खोटं नाही. खाली दुकानं काढायची, भाड्याच्या पैशांतून विधवांना मदत, पोरांना वह्या. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पहिल्या बैठकीत कोणीतरी विचारलं, वर्गाचं काय? उत्तर आलं, "मास्तरला देऊ ना एखादी खोली. बांधून तर होऊ द्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मी गप्प बसलो. का बसलो? समोर बसलेले माझ्या अब्बांच्या वयाचे. खोली त्यांनीच फुकट दिलेली. फुकट मिळालेल्या वस्तूवर हक्क सांगायला जीभ रेटत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना कागद वाचायला शिकवता. तुमचा कागद कुठंय?"

नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका नातेवाइकाला भेटायला मी परळच्या हॉस्पिटलात गेलो होतो. देवगिरीने दादरला उतरलो. भेटून झाल्यावर दोन तास हातात होते, म्हणून दादांचा दामोदर हॉल पाहायला निघालो. इतकी वर्षं ऐकत आलो होतो, कधी पाहिला नव्हता. पोहोचलो तर फाटक बंद. हॉल त्याच महिन्यात पुनर्विकासासाठी बंद झालेला. शेजारी चहा घेतला. चहावाला म्हणाला, "आता इथं नवीन होणार." दोन माणसं त्याच्यावर वाद घालत होती.

नंतर वर्तमानपत्रांत वाचत राहिलो. नाट्यकर्मी आणि सहकारी मनोरंजन मंडळ विरोधात उभे राहिले होते. नवीन बांधकामात नाट्यगृह असणार, असं सांगितलं जात होतं. त्यांचे प्रश्न साधे होते. केवढं असेल? कधी होईल? तोवर आम्ही कुठं जायचं? शंभर वर्षं जुनी जागा, तिच्यावर हजारो माणसांचा जीव, आणि तरी हे तीन प्रश्न रस्त्यावर येऊन विचारावे लागत होते. त्या वादात कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरवायला मी कोणी नाही. संस्थेलाही मोडकी इमारत चालवायची असते. पण फाटकाबाहेर उभा असताना मला माझी हललेली मान आठवत होती. दामोदर हॉलला हे विचारावं लागतं, तर आमच्या बारा बाय पंधराच्या खोलीची काय कथा?

गिरणीमालकांनी देणग्या दिल्या, कायद्याने तास दिले, जोशींसारख्यांनी आयुष्यं दिली, तेव्हा मजुराला बसायला एक जागा झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. मजूर नालासोपारा, कल्याणला पांगले. हॉल तरीही चालू राहिला तो रोज संध्याकाळी कोणीतरी तिथं येत राहिलं म्हणून. शिकणाऱ्याची जागा वापराने टिकते. पण पाडायची वेळ येते तेव्हा वापर पुरत नाही, तेव्हा कागद विचारला जातो.

गावी परतल्यावर मी अर्ज लिहिला. एका बाजूला उर्दू, एका बाजूला मराठी. तीनच मागण्या: नव्या इमारतीत वर्गाची खोली आताच्या मापाहून लहान नको, ती तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असावी, कारण वयस्कर माणसं आणि बायका येतात, आणि बांधकाम होईपर्यंत वर्ग कुठं भरेल ते आजच ठरावं. पुढच्या बैठकीत तो वाचून दाखवला. माझा आवाज जरा कापत होता, ते लपवत नाही.

एक बुजुर्ग दुखावले. "मास्तर, आपल्याच लोकांवर भरोसा नाही का?" मला उत्तर सुचेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेले इमामसाहेब म्हणाले, "कुरआनातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर. भरोसा असणाऱ्यांनाच ते सांगितलंय." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग चिटणीस म्हणाले, बरं, ठराव करू.

ठराव मराठीत लिहिला गेला, कारण तो पुढे कचेरीत द्यावा लागणार. सह्यांसाठी वही फिरली. माझ्या आधी ती त्या राजीनामावाल्या मुलाच्या हातात आली. आता तो एका गॅरेजमध्ये काम करतो. सगळे वाट पाहत होते आणि तो बोट ठेवून वाचत होता. कोणीतरी म्हणालं, "अरे, कर ना सही." त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "सर, यात 'शक्य झाल्यास' असं का लिहिलंय?"

वाक्य असं होतं: नवीन इमारतीत शक्य झाल्यास वर्गासाठी खोली देण्यात येईल. मी वाचलं असतं तर मला खटकलं असतं की नाही, कोण जाणे. चिटणीस हसले, म्हणाले सवयीने लिहिलं गेलं. ते दोन शब्द खोडले, बाजूला दोघांनी सही केली. मजल्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, असं नकाशा सांगतो. त्यावर अजून बोलणं चालू आहे.

इमारत उन्हाळ्यात पाडली. आता वर्ग माझ्या घरी भरतो, त्याच ओट्यावर आणि पुढच्या खोलीत. अकरा-बारा जण येतात. पुस्तकांचं कपाट दारातून जाईना म्हणून अंगणात ठेवलंय, वर ताडपत्री. ठरावाची झेरॉक्स मी दादांच्या जुन्या पाटीच्या मागे ठेवली आहे. रमजाननंतर दुसऱ्या मजल्याची गोष्ट पुन्हा काढायची आहे. या वेळी बैठकीला मी एकटा जाणार नाही.